गायचं आणि अल्टो सॅक्सही वाजवायचा: रुडी व्हॅलीच्या ढंगातलं गाणं कसं बसवावं?

घोडबंदर_अल्टो: ऑगस्टमध्ये वाशीच्या भावे नाट्यगृहात हौशी वाद्यवृंदाचा कार्यक्रम आहे. १९२०-३० च्या डान्स बँडसारखं एक गाणं घ्यायचंय. गायक आणि अल्टो सॅक्सवाला एकच, सा पांढरी दोन (म्हणजे डी). गाणं कुठे यावं? मेगाफोन घ्यावा का?

नेरुळची_रीड: त्या काळी दहा इंची तबकडीत जेमतेम तीन मिनिटं मावत. बँड ३२ बारचा (बार म्हणजे तालाचं एक माप) कोरस, म्हणजे गाण्याचा मुख्य भाग, वाजवायचा, मध्ये गायक एकदाच गायचा, पुन्हा बँड. रुडी व्हॅली या अमेरिकन गायक-बँडप्रमुखामुळे गायकाचा आवाज पुढे आला: १९२८ मध्ये न्यू यॉर्कच्या हाय-हो क्लबमधून रेडिओवर, पुढच्याच वर्षी एनबीसी या रेडिओ कंपनीवर स्वतःचा कार्यक्रम. मूळचा मात्र सॅक्सवालाच. 'रुडी' हे नावसुद्धा सॅक्सवादक रुडी वीडॉफ्टवरून घेतलेलं. आवाज लहान, म्हणून क्लबात मेगाफोन. तुमच्याकडे माईक आहे, तर मेगाफोन फक्त दिसण्यापुरता. माईकसमोर धरलात तर आवाज डब्यातून आल्यासारखा येईल.

काळी_दोन: आधी पांढरी दोन सोडा. अल्टो ई-फ्लॅटचा, म्हणजे त्याच्या कागदावरचा सी प्रत्यक्षात ई-फ्लॅट वाजतो; त्यामुळे डी मेजरचं गाणं त्याच्या कागदावर बी मेजर होतं, पाच शार्प (चढे सूर)! अर्धा सूर चढून काळी दोन घेतली की अल्टोला सरळ सी मेजर. गळा चढत नसेल तर काळी एक, अल्टोला दोन फ्लॅट (उतरे सूर). सी-मेलडी सॅक्स तेव्हा हौशी लोकांत खपला तो याच कटकटीमुळे, पियानोचा कागद जसाच्या तसा वाजवता येई.

घोडबंदर_अल्टो: काळी दोन जमेल. गाऊन झाल्यावर पहिला सूर फाटतो, त्याचं काय?

नेरुळची_रीड: रीड (माउथपीसवरची वेताची पातळ पट्टी) सुकते. गाताना माउथपीसला टोपी लावा, शेवटच्या चार बारमध्ये काढून रीड जिभेने ओली करा. एसीत सॅक्स गार पडून उतरतो, म्हणून सूर न काढता आत गरम फुंकर मारा. तरीही उतरलेलाच असेल तर माउथपीस किंचित आत ढकला. गाताना सॅक्स पट्ट्यावर लोंबू द्या, पण एक हात त्यावर हवाच, नाहीतर माईकच्या स्टँडवर आपटतो.

आणि ऑगस्टची दमट हवा: जी-शार्पचा पॅड (भोक झाकणारी छोटी गादी) चिकटतो. पॅडखाली सिगारेटचा कोरा कागद ठेवून की हलकेच दाबा, ओल शोषली जाते. पावडर नको, तिचा थर बसतो.

काळी_दोन: तो पॅड स्टेजवर जाण्याआधी विंगेतच तपासा.