'डेसिमेट' : दहातला एक, की जवळपास सगळेच?

शब्दवेडा: परवा एका बातमीत वाचलं, वणव्याने जंगल 'कम्प्लीटली डेसिमेट' केलं. डोकंच फिरलं. हे क्रियापद लॅटिन 'डेकिमारे'वरून आलंय, 'डेकेम' म्हणजे दहा. रोमन सैन्यातली तुकडी बंड करून उठली किंवा लढाईतून पळाली, की दर दहा जणांत चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याची निघेल त्याला त्याच्याच सोबत्यांनी ठेचून मारायचं. म्हणजे नऊ जण जिवंत! याला 'सगळं उद्ध्वस्त' कसं म्हणणार? चूक रुळली की ती बरोबर ठरते का?

तिरकस: मग उद्यापासून 'खोबरेल तेल' म्हणायचं बंद करा. तेल फक्त तिळाचं. आणि वीणा वाजवता येत नसेल त्याला 'प्रवीण'ही म्हणू नका. अहो, 'मोठा भाग नष्ट करणे' हा अर्थ इंग्रजीत 17व्या शतकापासून आहे. त्याच शतकात, 1655 मध्ये, इंग्लंडात राजेशाही उलथवून सत्तेवर आलेल्या क्रॉमवेलच्या राजवटीने राजाच्या पक्षातल्या लोकांवर उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाचा कर लादला. त्यालाही 'डेसिमेशन'च म्हणत. चिठ्ठ्या नाहीत, मुडदे नाहीत.

शब्दवेडा: तेलाचा टोला बसला, कबूल. पण कराच्या उदाहरणात 'दहावा हिस्सा' हा अर्थ शाबूत आहे, म्हणजे ते माझ्याच बाजूचं! शिवाय तेलातला तीळ आता कुणाला दिसत नाही. इथे शेजारी 'डेसिमल' बसलेला आहे, दहा दिसतोच.

तिरकस: डिसेंबरातही दिसतो. बारावा महिना बदलून घेता का?

मधलीवाट: स्पार्टाकसच्या, म्हणजे रोममधल्या गुलामांच्या बंडात रोमन सेनापती क्रॅससने ही जुनी शिक्षा पुन्हा उकरून काढली. प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो, त्याने आपल्याच पळालेल्या 500 सैनिकांचे 50 गट केले आणि प्रत्येकातला एक मारला. मेले 50, पण हबकली अख्खी फौज. नंतरच्यांना आकड्यापेक्षा ती दहशतच लक्षात राहिली असावी, असं आपलं मला वाटतं. तेव्हा नव्या अर्थाबद्दल माझी तक्रार नाही. खटकतं ते 'कम्प्लीटली'. नव्या अर्थातही थोडं काही उरतंच. म्हणून मराठीत 'नायनाट' नको, 'कंबरडं मोडलं' जास्त जवळचं.

शब्दवेडा: 'कम्प्लीटली'वर एकमत. पण जंगलाला कसलं आलंय कंबरडं?

तिरकस: झालं परत सुरू!