खान्देशातून डोंगर चढायला निघताना: पाणी, ऊन, वाट, शिदोरी (अनुभव धागा)

थंडी पडली की साल्हेर, अस्तंबा, तोरणमाळ, पाटणादेवीचा कण्हेरगड असे बेत शिजायला लागतात. पुण्या-मुंबईकडच्या याद्या आपल्याला जशाच्या तशा चालत नाहीत. आपल्याकडे पाऊस कमी, सावली त्याहून कमी. जाणकारांनी लिहा, पण कोण कुठे गेलं आणि किती मजा आली ते नको. काय न्यायचं, किती न्यायचं आणि कुठे घोळ होतो, तेवढंच लिहा, वर आपल्या गावाचं नाव टाकून.

धुळे

उंचीआधी पाण्याचा हिशोब करा. डिसेंबर-जानेवारीत माणशी ३ लिटर, फेब्रुवारीत ४. मार्चनंतर काळा कातळ असा तापतो की ५ लिटरही पुरत नाही, तेव्हा बेतच नको. घोट-घोट पीत राहायचं, साधारण वीस मिनिटांनी एक पेलाभर. तहान लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

अर्धं पाणी संपलं की असाल तिथून मागे फिरा, माथा कितीही जवळ दिसो. उतरताना ऊन चढलेलं असतं आणि उरलेलं अर्धं तेव्हा लागतं.

नुसतं पाणी ढोसत राहिलं तरी घामाबरोबर गेलेलं मीठ भरून येत नाही. १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर उलटी होते. प्रत्येकाच्या एका बाटलीत हेच असू द्या.

गडावरच्या टाक्यांवर भरवसा ठेवायचा असेल तर पायथ्याच्या गुराख्याला विचारा. ‘वर पाणी असतं का’ असं विचारलं की ‘हो’ येतं, कारण पावसाळ्यात असतंच. ‘या आठवड्यात ढोरं कुठे पाजता?’ असं विचारा, मग खरं कळतं. टाक्यातलं पाणी चौपदरी फडक्यातून गाळून क्लोरीनची गोळी टाका आणि अर्धा तास थांबा. गढूळ असेल तर आधी निवळू द्या, गाळात गोळीचा जोर संपतो.

पिंपळनेर

साल्हेरबद्दल दोनच गोष्टी. उंची १५६७ मीटर, म्हणजे महाराष्ट्रात कळसूबाईच्या खालोखाल, तेव्हा ‘सकाळी जाऊन जेवायला घरी’ हा हिशोब सोडा. वाघांबेकडून साल्हेर-सालोट्याच्या खिंडीतून चढून साल्हेरवाडीला उतरायचं असेल तर गाडी आधीच त्या बाजूला पाठवा. उतरल्यावर डोंगराला वळसा घालून गाडी आणायला जाणं म्हणजे दुसरी चढाई.

वेळेचं गणित मिश्र गटासाठी असं धरा: तासाला ४ किमी, शिवाय चढाच्या प्रत्येक ३०० मीटरला एक तास जादा. ४ किमी चाल आणि ६०० मीटर चढ असेल तर तीन तास. उतरायला त्याच्या दोनतृतीयांश. डिसेंबरात सहाच्या आत सूर्य जातो, म्हणून तिथून उलटं मोजत या आणि माथा सोडायची वेळ घरीच ठरवा. वर गेल्यावर ठरवलेली वेळ कोणी पाळत नाही.

चोपडा

सातपुड्याची गंमत वेगळी. सह्याद्रीत माणूस कातळावर घसरतो, इथे सागाच्या पानांवर. जानेवारीनंतर पानगळ होते आणि उतारावर घोटाभर वाळलेला पाला साचतो. खाली सुटे दगड, वर पाला, पाऊल कुठे पडतंय कळत नाही. काठीने आधी चाचपा, मग टाच रोवा. त्याच पाल्यात फुरसंही बसतं, म्हणून घोट्याच्या वर जाणारे बूट आणि जाड पँट. साप चावलाच तर करकचून बांधणं, चिरणं, चोखणं काही नाही. तो अवयव स्थिर ठेवून माणसाला न चालवता खाली आणायचं आणि थेट सरकारी दवाखाना गाठायचा. तो कुठे आहे ते निघण्याआधी बघून ठेवा.

पावसाळा संपल्यावर कुसळं. ती मोज्यात शिरली की काढता येत नाहीत, लोकरी मोजे तर विसराच. खाजकुहिलीच्या शेंगा थंडीत वाळतात. अंगाला लागल्या तर चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढा, मग धुवा.

मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळतात, ती आग कधी कधी पसरते. धूर दिसला तर आगीच्या वरच्या चढाला जाऊ नका, आग चढावर माणसापेक्षा वेगाने धावते. यावल अभयारण्यात शिरायचं तर वनखात्याची परवानगी आधी काढा.

शहादा

अस्तंबा १३२५ मीटर. दिवाळीत अश्वत्थाम्याची यात्रा असते, तेव्हा वाट चुकायचा प्रश्नच नाही. पण माथ्याजवळ वाट चिंचोळी आणि गर्दी दोन्ही बाजूंनी. वरच्या माणसाच्या पायाखालचा दगड खालच्याच्या डोक्यात येतो. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या उतारावर, एकामागे एक सरळ रेषेत चढू नका, तिरके चढा. दगड सुटला की ‘दगड’ म्हणून ओरडायचं, बाकी कुठला शब्द नाही.

यात्रेबाहेरच्या दिवसांत गावातला वाटाड्या घ्या. पैसे आधी ठरवा, जेवण त्याचंही न्या. पाड्यांवर पावरी-भिली चालते, मराठी सगळ्यांना येतेच असं नाही. धडगावकडे मोबाईलला रेंज नसते असं समजूनच नकाशा आधी उतरवून ठेवा. एसटीने जाणार असाल तर परतीची शेवटची गाडी सकाळी उतरतानाच कंडक्टरला विचारा.

चाळीसगाव

शिदोरी. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि शेंगदाण्याचा कोरडा ठेचा दिवसभर टिकतो. मुक्काम असेल तर दुधात भिजवलेल्या दशम्या, त्या दोन दिवस नरम राहतात. भरीत कितीही जीव असला तरी नको, दुपारपर्यंत आंबतं. केळी पिकलेली नेली की पिशवीत शिकरण होते, जरा कच्ची घ्या. दर तासाला मूठभर गूळ-शेंगदाणे पुरतात, पोटभर जेवण उतरल्यावरच.

कण्हेरगडासारख्या कड्यांजवळ आग्या मोहळ दिसलं तर अत्तर, विडी, आरडाओरडा, काहीच नको. उठलंच तर झुडपात लपू नका, तोंड झाकून उलट्या दिशेने पळा.

जळगाव

आपल्याकडे सगळं सपाट, मग सराव कुठे करायचा? जिन्यावर. सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा. पहिले दोन आठवडे रिकाम्या पाठीने, मग दर आठवड्याला २ किलो वाढवत ८-१० किलोपर्यंत. वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या भरा. चढून दम लागला की त्या ओतून द्या, गुडघ्यांवर सुरुवातीलाच भार नको. शेवटच्या तीन आठवड्यांत मात्र वजन घेऊनच उतरा, कारण मांड्या भरतात त्या उतारावर. मेहरुण तलावाभोवती पळणं छातीसाठी उत्तम, पण तेवढ्याने उतार झेपत नाही.

कपाटात वर्षभर पडलेले बूट आपल्या उन्हाळ्यात तळापासून सुटतात. निघण्याआधी दोन दिवस घालून फिरा. रुंद चिकटपट्टी दोन मीटर बाटलीभोवती गुंडाळून ठेवा, तळ सुटला तर गाडीपर्यंत नेते.

भुसावळ

हिमालयाचा बेत असणाऱ्या भाऊ-ताईंसाठी. आपण समुद्रसपाटीपासून २०० मीटरच्या आसपास राहतो. गाडीत बसलं की दिल्ली, तिथून रात्रीत मनाली, म्हणजे एका झोपेत २००० मीटर. शरीराला हे कळायला वेळ लागतो. तिथे एक दिवस नुसता काढा. ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम त्याच जागी. डोकं दुखतंय, मळमळतंय तर पुढे जायचं नाही. तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली आणा. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्या घ्यायच्या तर घरूनच डॉक्टरांना विचारून, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा.