आईसाठी कमोड खुर्ची: विकत घेण्याआधी घरी कशी पारखावी?

डिचोलीची लेक
आई ७४ वर्षांची. पक्षाघातानंतर डावी बाजू अशक्त आहे, धरून उभी राहते. घर जुनं, चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं). संडास मागच्या पडवीला, मध्ये एक पायरी, दार जेमतेम दोन फूट. दिवसा मदतीला बाई येते, रात्री मी एकटी. घाईत आणलेली पहिली कमोड खुर्ची (सीटला भोक, खाली भांडं) तशीच पडून आहे, कारण आईचे पाय जमिनीला टेकत नाहीत. आता दुसरी आठवडाभर भाड्याने आणणार आहे. त्या आठवड्यात नेमकं काय बघू?

फोंड्याची सून
सासऱ्यांचं दोन वर्षं केलं, म्हणून लिहिते. आधी माप घ्या: आई बसलेली असताना गुडघ्यामागच्या खळीपासून टाचेपर्यंत. सीट तेवढी, फार तर बोटभर उंच. उंच सीटवरून उठणं सोपं जातं, पण तळवे पूर्ण टेकलेच पाहिजेत.

पहिल्या दिवशी कपड्यांनिशी, दुपारी, घाई नसताना नुसतं बसवा आणि उठवा. खुर्ची आईच्या उजव्या, म्हणजे चांगल्या बाजूला, खाटेला थोडी तिरकी. चाकं असतील तर ब्रेक आधी लावा. मग दहा मिनिटं बसू द्या आणि उठल्यावर मांड्यांवर सीटच्या कडेचे वळ दिसतात का पाहा.

आमची फसगत धुण्यात झाली. भांडं मागून निघायचं आणि मागे भिंत! माझा हातही पोचत नव्हता. म्हणून भांडं काढणं, धुणं, पुसणं हे सगळं ज्या जागी खुर्ची राहणार तिथेच करून पाहा. आणि एकदा रात्री, मंद दिव्यात, एकटीनं.

म्हापशाची रुग्णसेविका
ताई, अशक्त हात ओढून किंवा काखेत हात घालून आईला कधीच उचलू नका. पक्षाघातानंतर तो खांदा सैल असतो, निखळू शकतो. कमरेला रुंद पट्टा बांधा आणि तो धरा. हात टेकायचा दांडा खाली घेता येणारी खुर्ची मिळाली तर तीच घ्या, सरकवून बसवता येतं. पायरीवरून चाकाची खुर्ची आईसकट नेऊ नका, रात्री ती खाटेजवळच बरी.

खुर्चीचं रंगवलेलं लोखंड पावसाळ्यात सांध्यांना गंजतं, ॲल्युमिनियम किंवा स्टील बघा. पायांची रबरी टोपणं ओल्या फरशीवर घासून पाहा. संडासाच्या भिंतीत धरायला दांडा बसवणार असाल तर चिऱ्यात स्क्रूचा साधा प्लग ढिला होतो. पक्कं काम करून घ्या आणि आधी तुम्ही स्वतः लोंबकळा. बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) तपासणीला जाल तेव्हा फिजिओथेरपीवाल्यांकडून बसण्याउठण्याची पद्धत शिकून घ्या. आणि दिवसाच्या बाईला विचारा, तिची कंबर दुखते का. ती आपणहून सांगणार नाही.

डिचोलीची लेक
चार दिवस झाले. उंची जमली, पाय टेकतात. बाईनं सांगितलं, पट्ट्यामुळे तिला हलकं जातं. आई मात्र बसायची आणि तशीच उठायची, काही होईना. मला वाटलं खुर्चीच चुकली. काल हळूच म्हणाली, "तू समोर उभी असतेस गो." मग जुनं लुगडं दोरीवर टाकून आडोसा केला, हाताशी घंटी ठेवली आणि मी स्वयंपाकघरात गेले. पाच मिनिटांत घंटी वाजली. हीच खुर्ची घेते. लुगड्याच्या जागी नीट पडदा शिवायला टाकलाय.