लेह-लडाख: चौघांचं सामान कमी कसं करू? (सोबत ६८ वर्षांच्या सासूबाई) मदत हवी आहे

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही लडाखला जातोय. मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. पुण्याहून दिल्ली आणि तिथून सकाळच्या विमानानं लेह. ग्रुप टूर नाही, गाडी आणि हॉटेलं आमची आम्हीच ठरवली आहेत. पहिले दोन दिवस लेहमध्ये नुसता आराम, मग खारदुंगला खिंड ओलांडून नुब्रा खोऱ्यातल्या हुंडरला दोन रात्री, तिथून श्योक नदीच्या रस्त्यानं पँगाँग तळ्यावर एक रात्र आणि परत लेह.

अडचण सामानाची आहे, आणि ती विमानाच्या वजनमर्यादेची नाही. चौघांचे मिळून साठ किलो चेक-इनला चालतात, आमचं तेवढं होणारच नाही. पण सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, शिवाय बीपीची गोळी सुरू आहे. नवऱ्याच्या मणक्यातली गादी सरकलेली, पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणजे गाडीच्या टपावरून बॅगा उतरवणारी आणि हॉटेलच्या जिन्यानं वर नेणारी मी एकटी. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. पोहोचल्या पोहोचल्या मीच धापा टाकत बसले तर बाकीच्यांकडे कोण बघणार?

काल सगळं मांडून काट्यावर तोललं. दोन मोठ्या चाकांच्या बॅगा, एक मध्यम, दोन सॅक आणि खाऊची पिशवी मिळून ४३ किलो. यात नुसते गरम कपडेच १४ किलो आहेत, कारण प्रत्येकाचं जाड जॅकेट, दोन-दोन स्वेटर आणि शिवाय शाली. सासूबाईंच्या सहा साड्या, त्यावरचे परकर-ब्लाउज. खाऊ पाच किलो: भडंग, शंकरपाळी, बेसनाचे लाडू, कोरडी चटणी. इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, चौघांचे टॉवेल.

मला हे २५ किलोच्या आत आणायचंय आणि एकही बॅग दहाच्या वर जाऊ द्यायची नाहीये. पण थंडीत सासूबाईंना काही कमी पडलेलंही चालणार नाही. त्यांनी हे पर्वत बघायची वाट किती वर्षं पाहिली आहे ते मला माहीत आहे, त्यामुळे 'हे नको, ते नको' करत त्यांचा हिरमोड करायचा नाही. तिकडे जाऊन आलेल्यांनी, विशेषतः घरच्या वडीलधाऱ्यांना घेऊन गेलेल्यांनी, काय नेलं आणि काय वापरलंच गेलं नाही ते सांगाल का?

रानवाटा:
आधी बॅगाच बदला. मोठ्या चाकांच्या बॅगेचं स्वतःचंच वजन साडेतीन-चार किलो असतं. तुमच्या तीन बॅगा रिकाम्याच दहा किलोच्या आसपास भरतील. लेहमधल्या कच्च्या गल्ल्यांत आणि हुंडरच्या वाळूत चाकांचा उपयोग शून्य, तिथे त्या उचलाव्याच लागतात. त्याऐवजी कापडी डफल (लांबट, बिनचाकांची बॅग) घ्या, किलोभराची असते आणि टपावर बांधायला बरी. रस्त्यावर धूळ फार, त्यामुळे आत कचऱ्याची मोठी काळी पिशवी उघडून तिच्यात कपडे भरा.

दुसरं, सगळं सामान सगळीकडे न्यायचंच नाही. हुंडर-पँगाँग करून तुम्ही लेहच्याच हॉटेलात परत येणार असाल तर परतीचे धुतलेले कपडे, खाऊचा उरलेला भाग, दिल्लीत लागणारे पातळ कपडे यांची एक बॅग तिथेच ठेवा. हॉटेलवाले आनंदानं ठेवतात, आधी फोनवर बोलून घ्या. म्हणजे पुण्यातूनच दोन बॅगा वेगळ्या विचारानं भरायच्या: एक तीन रात्रींची, एक लेहला राहणारी.

आणि लेहला पोहोचाल त्या दिवशी तुम्हीही काही उचलू नका. टॅक्सीवाल्याला आणि हॉटेलच्या मुलांना सांगा, वरचे पैसे द्या. ४३ किलो असो की २५, पहिल्या दिवशी जिना चढताना हातात काही नको.

मेतकूट:
मी आईला घेऊन गेले होते, तीही साडीवालीच. साडीबद्दल सांगते. सुती साड्या घरी ठेवा. जॉर्जेट किंवा क्रेपची साडी वजनाला जवळपास निम्मी, चुरगळत नाही, इस्त्री लागत नाही. म्हणजे इस्त्री गेली. परकराऐवजी आतून थर्मलची लेगिंग आणि त्यावर कमरेला नाडीचा पट्टा, त्यात निऱ्या खोचायच्या. आईला आधी पटेना, घरी दोन दिवस नेसून बघितल्यावर तिनंच परकर बाजूला ठेवले. थिकसेच्या गोम्पाला (बौद्ध मठाला) पायऱ्या पुष्कळ आहेत, तिथे पायात घोळणारं जितकं कमी तितकं गुडघ्यांना बरं. तीन साड्या पुरतात. चौथी त्यांच्या समाधानासाठी घ्या, पाव-अर्ध्या किलोनं आभाळ कोसळत नाही.

खाऊ: पाच किलो नकोच. लेहला सगळं मिळतं, हुंडरलाही वरण-भात-पोळी मिळते. उंचीवर पहिले दोन दिवस भूकच मंदावते, तेलकट तर नकोसंच होतं. लाडू थोडे, भडंग थोडा आणि मेतकूट जरूर न्या. मऊ भातावर मेतकूट-तूप एवढंच आईनं तिथे मनापासून खाल्लं. चटणीसाठी किंवा प्रसादाची म्हणून सुक्या खोबऱ्याची वाटी बॅगेत टाकू नका. खोबरं तेलकट, पेट घेणारं म्हणून ते चेक-इन सामानात चालत नाही, विमानतळावर बॅग उघडायला लावतात. तिखटाची पूड किंवा लोणचं असेल तर ते मात्र चेक-इनमध्येच, केबिनमध्ये नको.

अजून एक. वर हवेचा दाब कमी असतो म्हणून बंद पाकिटं टम्म फुगतात आणि तेल, शांपू, क्रीमच्या बाटल्या उघडताना भसकन बाहेर येतात. बाटली पाऊण भरा, दाबून हवा काढा, मग झाकण लावा.

साड्यांची चेनवाली पारदर्शक कव्हरं घरात पडून असतील ना? तीच वापरा. माणशी एक कव्हर. बॅगेत कपडे वेगळे ठेवायला महागडे कप्पे विकत घ्यायची गरज नाही.

पायवाट:
गरम कपड्यांचे १४ किलो इथेच निम्मे करता येतील. जाडजूड एका कपड्यापेक्षा पातळ थर जास्त ऊब देतात, कारण मध्ये हवा अडकते. माणशी दोन जोड थर्मल (एक अंगात, एक बॅगेत), एक फ्लीस (हलका, मऊ गरम कोट), वरून वारा अडवणारं जॅकेट. स्वेटर रद्द. सप्टेंबरअखेर लेहला दिवसा उन्हात फ्लीससुद्धा काढावा लागतो, खरी थंडी सूर्य मावळल्यावर. कानटोपी, हातमोजे आणि लोकरीचे मोजे यांत अजिबात काटकसर करू नका, त्यांचं वजनच ते काय. सगळ्यात जड बूट आणि जॅकेट प्रवासात अंगावर असू दे. शालींपैकी सासूबाईंची एक ठेवा, विमानात, गाडीत, गोम्पात सगळीकडे कामाला येते.

पण मला खरं वाटतं ते सांगतो: पँगाँगची रात्रच गाळा. तळं सव्वाचार हजार मीटरच्या आसपास आहे. हुंडर लेहपेक्षा खाली, तिथे झोप चांगली लागते, आणि तिथून थेट पँगाँगला मुक्काम म्हणजे एका दिवसात हजारेक मीटर वर जाऊन झोपायचं. ६८ वय, बीपी, आणि तिथल्या तंबूंत वीज बऱ्याचदा संध्याकाळी काही तासच. लेहहून पहाटे निघून संध्याकाळी परत येता येतं. दिवस मोठा आणि थकवणारा होतो, पण झोप लेहला मिळते. तुमचे सर्वात जाड कपडे त्या एका रात्रीसाठीच चालले आहेत, हे पाहा.

औषधांचं: बीपीच्या गोळ्या पूर्ण सहलीच्या आणि वर चार दिवसांच्या जास्त, सगळ्या केबिनच्या पिशवीत. हवा बिघडली की लेहची विमानं रद्द होतात, म्हणून जास्तीच्या. उंचीसाठीची डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही ते त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारून ठरवा, सल्फाची अॅलर्जी असेल तर आधी सांगा. ऑक्सिजनचे छोटे डबे विमानात नेता येत नाहीत, लेहला मिळतात.

धागाकर्ती:
तिघांचेही मनापासून आभार. पँगाँगचं रात्री सगळ्यांशी बोलले. मुलगा हिरमुसला, त्याला तिथले तारे बघायचे होते. पण हुंडरलाही आकाश तसंच असतं हे सांगितल्यावर तयार झाला. डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

दोन शंका राहिल्या. दोन जोड थर्मलमध्ये धुण्याचं कसं जमवता? आणि किटली काढू का? सासूबाईंना दिवसभर गरम पाणी लागतं.

सिंधूकाठ:
नोकरीनिमित्त लेहमध्ये राहतो, म्हणून लिहितो. हवा इतकी कोरडी आहे की रात्री पिळून टाकलेले पातळ कपडे सकाळपर्यंत बहुतेक वाळतात. लेहमध्ये कपडे धुऊनही मिळतात. एक विनंती, हॉटेलच्या बाथरूममध्ये बादल्या भरभरून धुणं काढू नका आणि ओढ्यात तर साबण नकोच. इथे पाऊस नाममात्र, पाणी हिमनद्यांचं आणि मोजकं. मोजे आणि आतले कपडे हातानं, बाकीचं परत गेल्यावर, असं ठेवलंत तर गावाला आणि तुम्हालाही सोपं.

किटली काढा. मोठा थर्मास घ्या, सकाळी हॉटेलात भरून मिळतो, वाटेतल्या चहाच्या टपऱ्यांवरही गरम पाणी देतात. इथे पाणी खूप प्यावं लागतं, तेव्हा थर्मास रोज हाताशी लागेलच. टॉवेल हॉटेलात असतात, माणशी एक पंचा पुरे. तो गळ्यात गुंडाळायलाही होतो.

आयत्या वेळी थंडी जास्त वाटली तर मोती मार्केटमध्ये स्वेटर, टोप्या, हातमोजे मिळतात आणि जाड जॅकेट भाड्यानंही मिळतं. म्हणून 'लागलंच तर' म्हणून घेतलेलं सगळं पुण्यात राहू द्या. व्हॅसलीन, ओठांचं मलम, गॉगल आणि ओआरएसची पाकिटं मात्र आणा. नाक कोरडं पडून रक्त येतं, मुलाला विशेष सांभाळा.

बाहेरची प्रीपेड सिमं इथे चालत नाहीत, निदान एक पोस्टपेड असू दे. पॉवर बँक केबिनमध्येच ठेवा, २०,००० एमएएचपर्यंत अडचण नाही. थंडीत बॅटऱ्या लवकर उतरतात, रात्री फोन पांघरुणात घेऊन झोपा.

धागाकर्ती:
आज पुन्हा तोललं. दोन डफल, नऊ आणि आठ किलो. दोन छोट्या सॅक मिळून सहा. एकूण २३! इस्त्री, किटली, स्वेटर, टॉवेल, मोठ्या बॅगा सगळं बाहेर. सासूबाईंनी लेगिंगवर साडी नेसून घरातल्या घरात जिना चढून-उतरून पाहिला, त्यांना आवडलं. त्यांनीच सहापैकी तीन साड्या काढल्या, चौथी मी मुद्दाम आत ठेवली. लेहच्या हॉटेलशीही बोलले, बॅग ठेवून घेतील आणि खोली तळमजल्यावर देतील.

शेवटचा प्रश्न: त्यांची चालायची काठी केबिनमध्ये नेऊ देतात का, की डफलमध्ये बांधू?

मेतकूट:
डफलमध्ये नको, हातातच असू दे. सुरक्षा तपासणीत एक्स-रेमधून काढतात आणि परत देतात. घडीची असेल तर सीटखाली मावते. आणि विमान कंपनीला आजच कळवून दोन्ही विमानांसाठी व्हीलचेअर मागून घ्या. दिल्लीला विमान बदलताना चालणं बरंच आहे, आणि व्हीलचेअर ढकलायला माणूस सोबत येतो, त्यामुळे तुमचे हात मुलासाठी मोकळे राहतील.