गटाने पक्षी बघायला जाऊच नये म्हणे!

रानवाट (धागाकर्ती)

परवा इथे एक लेख आला. मुद्दा थोडक्यात असा : सुट्टीच्या दिवशी बस भरून अभयारण्यात जाणारे लोक पक्षी बघत नाहीत, नुसती गर्दी करतात. पक्षीनिरीक्षण ही एकट्याने करायची गोष्ट आहे, फार तर दोघांनी. सबब गटसहलींवर अभयारण्यांनी सरसकट बंदी घालावी. खाली "अगदी मनातलं लिहिलंत" म्हणणाऱ्यांची रांग. तिथेच उत्तर लिहायला बसले, ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढतेय.

एकट्याने फिरणारे निरीक्षक तयार कुठे होतात? चिखलात दहा पक्षी चरतायत, सगळे मातकट, सगळे लांब चोचीचे. पुस्तकातलं चित्र समोर धरून नवखा माणूस तासभर बसला तरी हाती काही लागत नाही. शेजारी कुणीतरी हळूच सांगतं, "शेपूट सारखी वरखाली करतोय तो बघा, तो तुतवार." एकदा डोळ्यात बसलं की ती लकब जन्मभर विसरत नाही. दुर्बिणीचंही तेच. नवे लोक हौसेने १२×२५ घेऊन येतात (बारा पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग २५ मिलिमीटरचं), आकडा मोठा म्हणून. पहाटेच्या उजेडात त्यातून काही दिसत नाही, कारण डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशाचा झोत जेमतेम २ मिलिमीटरचा. गटातलं कुणीतरी आपली ८×४२ हातात देतं, झोत ५ मिलिमीटरहून मोठा, आणि झुडपातला काळा ठिपका एकदम पक्षी होतो. स्कोप, म्हणजे तिकाटण्यावर लावायची मोठी दुर्बीण, तर कितीजणांना परवडतो? गटात एक असला की सगळे बघतात.

दुसरं म्हणजे, "एकटे जा" हे सांगणं सोपं कुणाला आहे? अंधारात घरातून निघून निर्मनुष्य पाणथळीवर एकटीने जाऊन बसणं प्रत्येक बाईला जमेल का? गुडघे दुखणाऱ्या सत्तरीतल्या माणसाला? एका कानाने कमी ऐकू येणाऱ्याला? माझ्या ओळखीतल्या कितीतरी बाया गट होता म्हणून या छंदात आल्या आणि टिकल्या.

आणि गट म्हणजे गोंधळ हे गृहीतच चुकीचं आहे. मागच्या विणीच्या हंगामात एका जलाशयाच्या काठाने जाताना आमच्यापुढे एक चिखल्या पंख फरफटत पळायला लागला. नव्या लोकांना वाटलं, जखमी आहे. एक मुलगा उचलायला निघाला. आमच्या नेत्याबाईंनी हात आडवा केला. "त्याच्या मागे जाऊ नका, वाटेच्या बाहेर पाऊल टाकू नका, आलो तसे मागे फिरा." पक्षी पंख मोडल्याचं सोंग घेऊन आम्हाला घरट्यापासून लांब नेत होता. आम्ही पुरेसे मागे हटल्यावर तो पंख मिटून सरळ चालत आला आणि गोट्यांमध्ये जाऊन बसला. अंडी शेवटपर्यंत कुणाला दिसली नाहीत, ती गोट्यांच्याच रंगाची असतात. तो मुलगा एकटा असता तर पक्ष्याच्या मागे धावला असता आणि अंड्यांवर पाय पडला असता तरी त्याला कळलं नसतं.

बंदी मागणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

अवलोकन

तो लेख माझा नाही, पण मी त्याच बाजूचा आहे, म्हणून उत्तर देतो.

तुमची चिखल्याची गोष्ट माझ्या बाजूने जाते. विणीच्या काळात बसभर लोकांचे पाय त्या काठावर होते, हे तुम्हीच सांगताय. पक्ष्याला सोंग घ्यावं लागलं, म्हणजे तो घरट्यावरून उठला होता. उन्हात उघडी पडलेली अंडी किती वेळ टिकतात? तुमच्या नेत्याबाई शहाण्या होत्या हे मान्य. सगळे नेते तसे असतात का?

हिवाळ्यातलं घ्या. २०२२ मध्ये उपग्रह-टॅग लावलेला एक तरुण पाणटिवळा अलास्कातून उडाला तो थेट टास्मानियात उतरला. साधारण १३,५६० किलोमीटर, ११ दिवस, मध्ये कुठे उतरणं नाही, खाणं नाही. हा प्रवास होतो अंगावरच्या चरबीवर, आणि ती चरबी ओहोटीच्या चिखलात चरून साठवलेली असते. अशाच चिखलावर आपल्याकडे गट पोचतो आणि थवा उठतो. गट म्हणतो, "वा, काय उडाले!" फोटो निघतात. थवा पुन्हा टेकतो, तोवर दुसरा गट आलेला असतो. एकटा माणूस गवतात बसून राहिला तर अर्ध्या तासात पक्षी त्याला विसरतात, पुढ्यात येऊन चरतात. वीस माणसांना ते कधीच विसरत नाहीत.

चिखलपाय

दोघांचंही पटतंय, पण मूळ दुखणं वेगळंच आहे. गट की एकटा हे बाजूला ठेवा. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवणाऱ्यांचं काय करायचं ते बोला.

गेल्या महिन्यातला प्रसंग. छोटासाच गट, पाच-सहा जणांचा. वाटाड्याने खिशातून स्पीकर काढला आणि एका झुडपासमोर नराचा आवाज लावला. पक्षी ताबडतोब बाहेर. फांदीवर येऊन गळा फुगवून ओरडतोय, पिसं फुललेली, इकडून तिकडे उड्या मारतोय, शत्रू काही दिसत नाही. कॅमेऱ्यांची खडखड चालू. आवाज बंद केला, तो पुन्हा झुडपात. "माझा नीट नाही आला" असं एकजण म्हणाला, की परत आवाज. तिसऱ्यांदा लावल्यावर मी निघून आलो. त्या पक्ष्याची सगळी सकाळ न दिसणाऱ्या शत्रूशी भांडण्यात गेली.

बिनभिंतीचा

मी सहली नेतो, त्यामुळे बोलणं भाग आहे. स्पीकर मीही वापरतो.

लोक कामावरून एक दिवस सुट्टी काढून येतात. त्यांना काहीतरी दिसलं पाहिजे. झुडपात लपणारा पक्षी दाखवायचे दोन रस्ते असतात : एक, वीस सेकंद आवाज वाजवणं, दोन, झुडपात घुसून पक्षी उठवणं. कमी त्रास कशात आहे ते तुम्हीच सांगा. घुबडं आणि पाणकोंबड्यांच्या जातकुळीतले लपून राहणारे पक्षी मोजताना संशोधकसुद्धा आवाज वाजवतात. त्यांनी केलं तर विज्ञान, आम्ही केलं तर छळ?

चिखलपाय

तिसरा रस्ता आहे की. पक्षी न दिसता परत येणं.

माळावरची

बिनभिंतीचा, संशोधकांचा दाखला देताय तर पूर्ण द्या. ते ठरावीक जागी, ठरावीक वेळ वाजवतात, नोंद करतात आणि पुढे जातात. तुम्ही त्याच झुडपासमोर दर सुट्टीला उभे असता.

संशोधनाचंच बोलायचं तर २००२ मध्ये कॅनडातल्या चिकडी पक्ष्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. थव्यात वरचढ असलेल्या नरांना काही मिनिटं असं गाणं ऐकवलं की आपल्या हद्दीत कुणीतरी आपल्याला गाण्यात हरवतंय असं त्यांना वाटावं. माद्या ते ऐकत होत्या. पिल्लांचं डीएनए तपासलं तेव्हा दिसलं, की अशा 'हरलेल्या' नरांच्या घरट्यांत परक्या नराची पिल्लं वाढली होती. काही मिनिटं वाजवलेल्या आवाजाचा परिणाम थेट पितृत्वावर! अमेरिकन बर्डिंग असोसिएशनची आचारसंहिता सांगते की आवाज वाजवणं मर्यादित ठेवावं, विशेषतः जिथे निरीक्षकांची वर्दळ आहे तिथे आणि दुर्मिळ जातींसाठी. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत त्यावर मनाई आहे. हे सगळे उगाच घाबरलेत का?

बिनभिंतीचा

एका जातीवरचा एक प्रयोग. त्यावरून मला गुन्हेगार ठरवू नका. मी अनेक वर्षं त्याच पाणवठ्यावर जातोय आणि तिथले पक्षी अजून तिथेच आहेत, पिल्लंही दिसतात.

माळावरची

पिल्लं दिसतात हो. पण कुणाची, ते तुम्हाला दुर्बिणीतून कळत नाही, हाच तर मुद्दा आहे. आणि जे पक्षी सोडून गेले ते तुम्हाला दिसणार कसे?

बिनभिंतीचा

भाषा सांभाळा. घरी बसून लेख वाचणाऱ्यांनी उन्हातान्हात लोकांना शिकवणाऱ्याला ऐकवू नये.

माळावरची

मी घरी बसत नाही. पाणपक्ष्यांच्या गणनेला दर हिवाळ्यात कंबरभर गवतात उभी असते, स्पीकरशिवाय. भाषा मी सांभाळते, स्पीकर तुम्ही सांभाळा.

जुना पांगारा

आवाजाचंच चाललंय तर माझंही ऐका. मोबाइल आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सांगतो, ही सोय मर्लिन ॲपमध्ये २०२१ साली आली आणि तेव्हापासून गटातल्या लोकांनी मान वर करणंच सोडलंय. फोन हवेत धरायचा, पडद्यावर नाव चमकलं की यादीत टाकायचं. पक्षी कुठे आहे? कुणी पाहिला? कुणीच नाही. मागे एकाने अशी जात नोंदवली जी त्या ऋतूत तिथे असणं शक्यच नव्हतं. विचारलं तर म्हणाला, फोनने सांगितलं. ईबर्डवरच्या, म्हणजे पक्षीनोंदींच्या त्या ऑनलाइन वहीतल्या नोंदी पुढे कुणीतरी अभ्यासाला घेणार आहे, याची जाणीव नको?

अवलोकन

जुना पांगारा, अगदी बरोबर. आणि हे सगळं गटातच फोफावतं. एकट्या माणसाला दाखवायचं कुणाला असतं?

रानवाट

अवलोकन, कुठल्याही दुखण्याचं खापर गटावर फोडू नका. चोरून घरट्याजवळ जाऊन फोटो काढणारे बहुतेकदा एकटेच असतात, कारण गटात चारजण हटकतात. स्पीकर वाजवणाराही एकट्याने जास्त मोकाट वाजवतो. चुकीच्या नोंदी तर घरच्या खिडकीतूनही होतात.

आणि तुम्हाला ज्या आकड्यांचं कौतुक आहे, ते गटांनीच दिलेत. १९०० साली फ्रँक चॅपमन यांनी नाताळातली पक्षीगणना सुरू केली, ती नाताळात गटागटाने पक्षी मारायच्या चढाओढीला पर्याय म्हणून. पहिल्या वर्षी २७ माणसं आणि २५ ठिकाणं होती. आज ती जगातल्या सगळ्यात जुन्या नागरिक-विज्ञान उपक्रमांपैकी एक आहे. माणसं जमवल्याशिवाय हे झालं असतं का?

चिखल्याबद्दल : आम्ही आखून दिलेल्या वाटेवर होतो. घरटं वाटेच्या कडेला होतं. विणीच्या काळात ती वाट बंद ठेवायला हवी होती, एवढं तुमचं म्हणणं मी मान्य करते. त्यापुढे नाही. ती बंद ठेवणं अभयारण्याचं काम आहे, आणि बंद केली तर ती एकट्यालाही बंद हवी.

जुना पांगारा

बंदीचं एक उदाहरण सगळ्यांनी आठवावं. भरतपूरला, केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुरांच्या चराईवर बंदी आली. हेतू चांगलाच होता. म्हशी गेल्या आणि पाण्यातलं गवत असं माजलं की बदकांना उघडं पाणी कमी पडू लागलं. सरसकट बंदी मागताना आधी विचार करावा.

अवलोकन

म्हशी गवत खायच्या. सहलवाले काय खातात? हे उदाहरण इथे लागू होत नाही. उलट त्याच भरतपुरात सायकलरिक्षावाले वाटाडे म्हणून तयार झाले, रिक्षात दोघं-तिघं बसतात, रिक्षा हळू चालते, पक्षी बिचकत नाहीत. मी तेच म्हणतोय. छोटा गट, जाणकार माणूस, ठरलेली वाट.

रानवाट

म्हणजे आता गट चालेल? मग वाद कशाचा राहिला?

अवलोकन

तीन माणसांच्या रिक्षेला मी गट म्हणत नाही. बसभर माणसांना म्हणतो. पण ठीक आहे, सरसकट बंदी हे लेखातलं टोक मी धरून ठेवत नाही. बस आली तरी खाली उतरल्यावर सहा-सातच्या तुकड्या करा, प्रत्येकीला वेगळा माणूस, वेगळी वाट. भरती असताना थवे जिथे विसावतात तिथे कुणीच जायचं नाही. विणीच्या काळात काठ सगळ्यांना बंद. हे पाळणारा आयोजक दाखवा, मग पुढचं बोलू.

चिखलपाय

आणि स्पीकर?

बिनभिंतीचा

वरचे सगळे प्रतिसाद वाचले. टोमणे सोडले तर माळावरचींच्या एका मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही : मी दर वेळी त्याच झुडपासमोर उभा राहतो. विणीच्या काळात आवाज वाजवणार नाही आणि एका जागी दुसऱ्यांदा वाजवणार नाही. यापलीकडे माझ्याकडून अपेक्षा ठेवू नका. लोक पक्षी न बघता परत गेले की पुढच्या वेळी जास्त वाजवणाऱ्याकडे जातात, हे इथे कुणालाच दिसत नाही.

माळावरची

दिसतं. म्हणून तर निघण्याआधी बसमध्येच सांगायचं, की आज काही न दिसण्याची शक्यता आहे. तरीही जे येतात ते टिकतात, हा माझा अनुभव. तुमचा निम्मा शब्द घेतला, उरलेल्या निम्म्यासाठी भांडत राहीन.

रानवाट

तुकड्यांची सूचना आमच्या गटापुढे ठेवतेय. अवलोकन, एक तुकडी तुम्हीच घ्या. नवी माणसं देते, शिकवून दाखवा.

अवलोकन

पाचपेक्षा जास्त नकोत. आणि मी सांगेपर्यंत कुणी उठायचं नाही.