पोकरची वही: खेळ सुधारला की नुसतं मनाचं समाधान?

वहीवाला, भुसावळ
ऑगस्ट 2025 मध्ये पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि माझा 1-2 रुपयांच्या टेबलावरचा पोकर थांबला. परवा कपाट आवरताना वही सापडली. तीन वर्षांत 38,400 डाव. काढलेले वजा भरलेले, नफा 1,536 रुपये. म्हणजे 100 डावांमागे 2 मोठे ब्लाइंड (पत्ते येण्याआधी एकानं 1, दुसऱ्यानं 2 रुपये भरायचेच; ते 2 म्हणजे मोठा ब्लाइंड). बायको म्हणाली, एवढ्यात महिन्याचं दूध येत नाही.

तरी मी म्हणतो, वही नसती तर बुडालो असतो. आधी 100 पैकी 41 डावांत आपणहून पैसे घालायचो, लिहायला लागल्यावर 24 वर आलो. राजा-गुलाम आले, एक बदामचा एक किलवरचा, की पहिल्याच जागेवरून, बाकीचे काय करतात ते बघायच्या आधीच, उडी! लाल शाईत सगळं दिसतंय. शेवटचा रकाना 'किती वाजता'. रात्री बारानंतरच्या नोंदी जवळजवळ सगळ्या लाल.

तापीकाठ, यावल
भो, 38 हजार डाव म्हणजे काहीच नाही. सहा जणांच्या नो-लिमिट (बोलीला मर्यादा नसलेल्या) टेबलावर 100 डावांमागचं प्रमाण विचलन, म्हणजे नशिबाचा चढउतार, साधारण 90 मोठे ब्लाइंड. तुझे शंभराचे 384 गठ्ठे, त्याचं वर्गमूळ 19.6, भागलं की 4.6. तुझ्या 2 च्या दोन्हीकडं त्याची दुप्पट धर, म्हणजे तुझा खरा आकडा उणे 7 ते अधिक 11 यात कुठंही असेल. तू जिंकणारा होतास की नशीबवान हरणारा, वही सांगूच शकत नाही. एका हंगामाच्या केळीच्या भावावर कुणी पाच वर्षांचं कर्ज काढतं का? (काढतात म्हणा, पण ते सोड.)

आडतीवरचा_मुनीम, अमळनेर
गणित राहू द्या. छोट्या टेबलावर पॉटमागे (डावात जमलेल्या पैशांमागे) 5 टक्क्यांच्या आसपास कमिशन कापलं जायचं. मोठ्या टेबलावर त्याला वरची मर्यादा लागायची. छोट्यावर पॉट तिथवर पोचतच नव्हता, म्हणून पूर्ण टक्का बसायचा. एप्रिल 2023 पासून निव्वळ जिंकण्यावर 30 टक्के टीडीएस, ऑक्टोबर 2023 पासून भरलेल्या रकमेवर 28 टक्के जीएसटी लागायचा. हे रकाने आहेत का वहीत? माझ्या भाच्याची वही याहून सुबक होती, डाव न् डाव लिहिलेला. फक्त यूपीआयनं भरलेले पैसे लिहायचे राहून जायचे. पैसा कोठे गया ते सांग ना भो!

वहीवाला
कमिशन, टीडीएस कापूनच आकडा आहे, मुनीमजी. जीएसटीएवढा बोनस मिळायचा म्हणून तो धरला नाही.
पण तापीकाठ, तू दोन गोष्टींची गल्लत करतोयस. जिंकतो की हरतो हे ठरायला लाखो डाव लागतात, कबूल. उगाच किती डावांत शिरतो, हे कळायला हजारभर पुरतात. 41 चे 24 नशिबानं होत नाहीत.

तापीकाठ
फरक खरा. पण कमी खेळणं म्हणजे चांगलं खेळणं कुठं? सहाच्या टेबलावर प्रत्येक वेळी पत्ते टाकून दे, 100 डावांत छोटे-मोठे ब्लाइंड मिळून 25 मोठ्या ब्लाइंडएवढे पैसे नुसते भरण्यात जातात. तुझ्या वहीत टाकलेल्या पत्त्यांचा रकानाच नाही. जे टाकलं त्यातलं किती खेळायला हवं होतं?

माहेरवाशीण, धुळे
मध्येच बोलते. आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी एकीकडं झोक्यावरची गाणी, दुसरीकडं ओट्यावर पत्ते, हे ठरलेलं. यंदा भावानं शेंगदाण्यांवर पोकर मांडला आणि अशीच वही काढली. अर्ध्या तासात कळलं, कुणी पत्ते टाकतच नाही. गेला तर शेंगदाणाच जातो! मोठ्या काकांनी तर पॉटच खाल्ला. सांगा, ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

वहीवाला
काकांचं कमिशन म्हणून, ताई.
तापीकाठ, टाकलेल्या पत्त्यांचं तुझं बरोबर. लिहिलं नाही.

आडतीवरचा_मुनीम
आणि यूपीआयचं स्टेटमेंट?

वहीवाला
आत्ताच काढलं. वहीत नसलेल्या तीन नोंदी निघाल्या, प्रत्येकी 500. तिन्ही रात्री बारानंतरच्या. राहिले 36 रुपये.