स्पेनमध्ये इटालियन हॉटेलात माळकरी आईला काय खाता येईल?

घंटाळी_ठाणे

नमस्कार. मे महिन्यात आई-बाबांना घेऊन स्पेनला जातोय. बार्सिलोनाहून ट्रेनने पाऊण तासाच्या आत सिट्जेस नावाचं समुद्रकाठचं गाव लागतं, तिथे मुक्काम आहे. बाबांचं काही अडत नाही, ते मासे आवडीने खातात. आई माळकरी. मांस, मासे, अंडं काही नाही. कांदा-लसूण एकादशी सोडून चालतं.

मुक्कामाच्या आसपास सगळी सीफूडची हॉटेलं आणि कोपऱ्यावर एक इटालियन. टूरवाला म्हणतो, इटालियन म्हणजे व्हेजची काळजीच नको. मला हे पटत नाही. इथे पाकिटावरचा हिरवा ठिपका बघितला की आपण निश्चिंत असतो, तिकडे काय बघायचं? दुसरं म्हणजे आईचं शुगरच्या गोळ्यांमुळे साडेसातला जेवण लागतं, आणि तिकडे रात्रीचं किचन आठ-साडेआठशिवाय उघडत नाही म्हणे. आई पहिल्यांदाच देशाबाहेर येतेय. तिने ब्रेड आणि फ्रेंच फ्राइजवर दिवस काढावेत असं मला अजिबात वाटत नाही. कोणी आई-वडिलांना घेऊन गेलं असेल तर कृपया सांगा.

ऐरोलीकर

शक्य असेल तर हॉटेलऐवजी किचन असलेलं अपार्टमेंट घ्या. मेतकूट, भाजणी, कोरड्या चटण्या, छोटा कुकर बरोबर ठेवा. तूप, पेढे, खवा मात्र नेऊ नका, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे. बाकी इटालियनमध्ये पिझ्झा मार्गारिटा आहेच की.

सीवूड्सकर

ताई म्हणून सांगते, टूरवाल्याच्या भरवशावर राहू नका, पण घाबरूनही जाऊ नका. माझी मुलगी बार्सिलोनात शिकायला होती, तेव्हा सासूबाईंना घेऊन मी त्या किनाऱ्यावर राहिले आहे. सासूबाई पंढरीच्या वारीतल्या, तुमच्या आईंसारख्याच. त्यांचं पोटभर आणि मनासारखं जेवण झालं ते इटालियन हॉटेलातच.

त्या भागात इटालियन हॉटेलं खूप, आणि चालवणारे पुष्कळदा खरेच इटालियन असतात. बार्सिलोनात परदेशी लोकांमध्ये इटालियन पासपोर्टवाले सगळ्यात जास्त आहेत. त्यात मूळ अर्जेंटिनाचे, आजोबा-पणजोबांमुळे इटालियन नागरिकत्व मिळालेलेही बरेच.

आता मुद्द्याचं. हिरवा ठिपका तिकडे नाही, पण दुसरी सोय आहे. युरोपात 2014 पासून प्रत्येक हॉटेलला 14 ॲलर्जींची माहिती द्यावी लागते. त्यात अंडं, मासे, कोळंबी-खेकडे, शिंपले, दूध सगळं येतं. आमच्या वेटरने तक्त्याची फाइलच आणून दिली. डावीकडे पदार्थ, वर छोटी चित्रं, मध्ये फुल्या. सासूबाईंना इंग्रजीही येत नाही, पण अंड्याचं आणि माशाचं चित्र त्यांना लगेच कळलं. बोट ठेवून एकेक ओळ त्यांनी स्वतः तपासली आणि मगच काय खाणार ते सांगितलं. मला त्याचं फार बरं वाटलं. नाहीतर म्हाताऱ्या माणसांना आपण नुसतं "हे खा, चालतं" म्हणून ताट पुढे सरकवतो.

पण मांस ही ॲलर्जी नाही, त्यामुळे त्याची फुली त्या तक्त्यात सापडणार नाही. ते तोंडानेच विचारावं लागतं. आणि "मांस नको" एवढंच सांगून भागत नाही, कारण हॅमचे तुकडे किंवा ट्युना मांसात धरले न जाण्याची शक्यता तिकडे भरपूर. एकेक नाव घेऊन सांगा: सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन मारिस्को, सिन वेवो. मांस, हॅम, मासे, शिंपले-कोळंबी, अंडं, यातलं काही नको. सॉस किंवा सुपात मटण-चिकनचं पाणी आहे का, हेही विचारा.

आईंसाठी पहिली पसंती: स्पॅगेटी आल्यो ए ओल्यो. ऑलिव्ह तेलात लसणाच्या पातळ चकत्या मंद आचेवर, लसूण सोनेरी व्हायला लागला की सुकी लाल मिरची, मग पास्त्याचं थोडं पाणी घालून ते तेल मिळून येईपर्यंत हलवायचं. ही आपली फोडणीच झाली. सासूबाईंनी वास घेतला आणि काही न विचारता काटा हातात घेतला. दुसरी पसंती आराबियाता, म्हणजे टोमॅटो, लसूण, मिरची. दोन्हींत "सुका पास्ता" सांगा. सुका पास्ता रवा-पाण्याचा असतो, ताज्या पास्त्यात बहुधा अंडं असतं. न्योकी बटाट्याची असली तरी तिच्यातही अंडं असू शकतं. कार्बोनारा, अमात्रिचाना यांत डुकराचं मांस, पुत्तानेस्कात अँकोव्ही मासे. ही तीन नावं बाजूलाच ठेवा.

पिझ्झ्यात इटालियन पद्धतीचा मारिनारा मिळाला तर उत्तम: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, चीज नाही. पण स्पेनमध्ये "मारिनेरा" लिहिलेलं असेल तर तो सीफूडचा सॉस, म्हणून विचारल्याशिवाय मागवू नका. कापायचं चाक वेगळं घ्या असंही सांगा, आमच्याकडे वेटरने धुतलेलं चाक टेबलावर आणून समोर कापून दिलं.

वेळेचं म्हणाल तर दुपारचं जेवण मुख्य करा. किचन दीड ते साडेतीन-चार जोरात चालतं. सोमवार ते शुक्रवार बऱ्याच ठिकाणी, इटालियनमध्येही, "मेनू देल दिया" असतो: पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, गोड किंवा कॉफी, ब्रेड आणि पेय, सगळं एका ठरलेल्या किमतीत. दुसरा पदार्थ जवळपास नेहमीच मांस किंवा मासे. विनंती केली तर पहिल्या यादीतलेच दोन देतात, सॅलड आणि पास्ता. बाबांना दुसऱ्यातला मासा मिळेल, त्यामुळे दोघं एकाच टेबलावर खूश. संध्याकाळी आईंना फळं, दाणे, मेतकूट-भात. मे महिन्यात तिकडे चेरी आणि स्ट्रॉबेरी सुंदर मिळते. गोळ्यांच्या वेळा मात्र निघायच्या आधी डॉक्टरांकडून नीट लिहून घ्या, तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं.

गोडात तिरामिसूत अंडं, पन्ना कोत्तात जिलेटिन, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्यापासून काढलेलं. दोन्ही टाळा.

खारघर_से२०

वर मार्गारिटा सुचवलंय, त्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. पार्मिजानो रेज्जानो चीजच्या अधिकृत नियमांतच वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध विरजून चीज करायचा पदार्थ, बंधनकारक आहे. ग्राना पादानोतही वासराचंच, पेकोरिनो रोमानोत कोकराचं. म्हशीच्या दुधाची अस्सल काम्पानियाची मोझरेलाही रेनेटचीच. साध्या कारखान्यातल्या मोझरेलात पुष्कळदा सूक्ष्मजीवांपासूनचं रेनेट असतं, पण हॉटेलात नेमकी कोणती वापरतात ते वेटरला सहसा माहीत नसतं. पास्त्यावर किसलेलं चीज न विचारता घालून आणतात, तेव्हा "सिन केसो" आधीच सांगा. पेस्टो सॉसमध्येही पार्मेजान असतंच.

काही शाकाहारी लोक एवढं बघत नाहीत, आणि तो त्यांचा निर्णय. पण ज्यांनी माळ घातली आहे त्यांच्यापासून हे लपवू नये असं मला मनापासून वाटतं. आईंना सांगा आणि त्यांनाच ठरवू द्या. स्पेनमधली एक चांगली गोष्टही सांगतो: एस्त्रेमादुराकडची तोर्ता देल कासार आणि केसो दे ला सेरेना ही मेंढीच्या दुधाची चीज रानटी आर्टिचोकच्या जातीच्या झाडाच्या फुलांनी विरजतात, जनावराचं रेनेट नाही. बार्सिलोनातल्या चांगल्या चीजच्या दुकानात विचारून बघा.

घंटाळी_ठाणे

सर्वांचे मनापासून आभार. खारघरकर, तुमचं वाचून आईशी बोललो. ती म्हणाली, "चीज नकोच, ते लसूण-मिरचीचं चालेल मला." रेनेटचं मला स्वतःला माहीत नव्हतं आणि टूरवाल्याने तर नावही काढलं नव्हतं.

अपार्टमेंट बुक केलं, किचन आहे. आता एवढंच सांगा, हे सगळं त्या हॉटेलला आधी कळवावं का, की गेल्यावर बोलावं? आणि पाण्याची बाटली घ्यावीच लागते का?

सीवूड्सकर

आधीच कळवा. साध्या स्पॅनिशमध्ये चार ओळींचा ईमेल, आणि तोच मजकूर छापून आईंच्या पर्समध्ये ठेवा, तुम्ही बरोबर नसलात तरी त्यांना दाखवता येईल. टेबल दीडचं मागा, अडीचला गर्दी उसळते आणि मग किचनमध्ये कोणाला वेळ नसतो. पाणी विकत घ्यायची सक्ती नाही. 2022 च्या कायद्याने हॉटेलांनी नळाचं पाणी फुकट द्यायचं असतं, "आग्वा देल ग्रिफो" म्हणून मागा. चव जरा जड लागते, पण पिण्यालायक आहे.

आणि ईमेलमध्ये आईंना अंडं चालत नाही ही ओळ सगळ्यात वर लिहा. शाकाहारी म्हटल्यावर मांस आणि मासे नको हे तिकडचे लोक समजून घेतात, अंड्याचं मात्र त्यांच्या ध्यानात येत नाही.